तुरटी फिरवलेलं तळं
माठात तुरटी फिरवतात तशी मी मळ्यातल्या तळ्यात फिरवली, एवढी मी हुशार. नव्वद सालच्या सुमाराचा उन्हाळा होता. बारामतीची मी इंदापूरकडे नवी सून, आणि माहेरची माणसं पहिल्यांदाच येणार होती. मामंजींनी उरलीसुरली मेंढरं विकून त्या छोट्या तळ्यात मासे सोडले होते. पाणी हिरवंगार, हाताला कोमट. ही घाण माहेरच्यांना दाखवायची? घमेलंभर तुरटी कुटून ओतली, संध्याकाळी तळ दिसायला लागला आणि मी स्वतःवरच खूश होऊन झोपले. सकाळी बघते तर मासे वर तोंड काढून आ वासतायत, अन् काठाशी पांढरी पोटं तरंगतायत. ओंजळ तोंडाला लावली तर पाणी आंबट. परवा नात सांगत होती, "आजी, समुद्र तापतोय, आंबट होतोय. त्यातली डोळ्यांना न दिसणारी हिरवी रोपं कमी झाली तर मासे खाणार काय?" मला त्या सकाळी काठावर उकिडवे बसलेले मामंजी डोळ्यांपुढे दिसले. ते ओरडले नव्हते. मेलेला मासा तळहातावर घेऊन एवढंच म्हणाले होते, "पोरी, ते हिरवं म्हंजे यांचं कुरण हुतं. मेंढरं ठिवलीस अन् कुरण धुऊन टाकलंस."