मोसंबीचे ठोकळे

आमच्या मोसंबीच्या बागेचा गोठ्यामागे ढीग घातला, त्याला दोन वर्षं होत आली. झाडं वाळली, जेसीबीनं उपटली. लाकूड वीटभट्टीला जाणार, तेवढ्यात मुलानं भोकरदन रोडला हॉटेल टाकलं. लोखंडी टिपाडात कोंबड्या टांगायच्या, खाली बाभळीचे निखारे, निखाऱ्यांवर मोसंबीच्या लाकडाचे ठोकळे, आणि त्या धुरात कोंबडी हळूहळू शिजवायची. खायला जालन्याहून लोक गाडी काढून येतात. ठोकळे मात्र मी करते.

ऐकायला सोपं वाटतं. ओलं लाकूड चालत नाही, काळा धूर सोडतं आणि कोंबडी कडू होते. बुरशी आलेलं, किडीनं पोखरलेलं बाजूला टाकायचं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणकन वाजले पाहिजेत. ठोकळा मुठीएवढा हवा. बारीक ढलपी भस्सकन पेटून जाते, धूर देतच नाही. इथवर कोणीही करेल. खरी कटकट सालीची.

मालक, म्हणजे मुलाचे वडील, दरवर्षी पावसाच्या तोंडावर आणि पाऊस उघडल्यावर खोडांना मोरचूद-चुन्याचा निळा लेप लावायचे. बुरशी लागू नये म्हणून, कमरेइतक्या उंचीपर्यंत. माझी कंबर धरली तेव्हा बाम लावायला त्यांना असा वेळ कधी झाला नाही. ते गेले, मागोमाग झाडंही गेली, लेप काही जात नाही. चांगलं जाड लाकूड नेमकं बुंध्याचं, आणि बुंधाच सगळा निळा. ते औषध लोकांच्या जेवणाखाली कसं जाळायचं? म्हणून सुताराच्या वाकसानं साल तासायची, निळं दिसेनासं होईपर्यंत. ओली असताना साल सरसर निघाली असती. वाळल्यावर ती हट्टाला पेटते.

मी थकले आहे. अंगठा सुजतो, सकाळी लाटणं धरवत नाही. मुलाला सांगितलं तर म्हणतो, "माय, तुझ्यासारखं कोणालाच जमत न्हाई. गडी लावला तर निळं तसंच ठेवतो." कौतुक करून माणसाला कामाला जुंपायची ही रीत त्यानं बापाकडून उचलली आहे. आणि मला मेलीला ते गोडही लागतं.

माझं मागणं एवढंच होतं की दुपारी जेवून तासभर आडवं पडावं. ढीग संपला की सुटले, असं मनाशी धरून बसले होते. तासता तासता मधेच मान वर करून बघायची. आधी ढिगामागची भिंत दिसायला लागली आणि या उन्हाळ्यात खालची जमीन दिसली.

शेवटचा बुंधा तासला त्या दिवशी हातपाय धुऊन पोटभर जेवले. बाजेवर पाठ टेकते तोच दारात ट्रॅक्टर वाजला. शेजारच्या गावात कुणीतरी बाग मोडली होती. तिथले सगळे बुंधे मुलानं ट्रॉलीत भरून आणले होते.

"माय, जल्दी बाहेर ये! दोन सालाची चिंता मिटली बघ."

बाहेर आले. त्या शेतकऱ्याचा हात मालकांहूनही सढळ. लेपावर लेप, बुंध्यांचा मूळ रंगसुद्धा दिसेना. मला रडू आलं, खरंच आलं. मुलगा मात्र ट्रॉलीपाशी उभा राहून खुशीत हसत होता.

"मी न्हाई तासणार आता," मी म्हटलं.

"मंग कोण तासणार?"

त्यानं रागानं विचारलं नव्हतं. त्याला खरोखरच दुसरं कोणी दिसत नव्हतं. तेच मला जास्त लागलं.

"तू," मी म्हटलं आणि वाकस त्याच्या हातात दिला.

आत येऊन पडले. थोड्या वेळानं बाहेर ठकठक सुरू झाली. पातं लाकडात रुतत होतं, आवाजावरूनच कळत होतं. दोनदा उठून बसले, दोनदा परत पडले.

"माय, हे बराबर झालं का? बघ ना जरा."

मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घेतले. झोप काही आली नाही. पण मी उठले नाही.