बिल्लेवाल्यांची लक्ष्मी

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांचा या जगातल्या कुठल्याही गोष्टीवर पाहताक्षणी विश्वास बसलेला नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, कारण तक्रार करून उपयोग नसतो. तीही ते आधी तपासून घेतात. डॉक्टर, दूधवाला, पंचांग, टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज आणि मी असे सगळे त्यांच्या लेखी एकाच रांगेत उभे आहोत आणि आमचा निकाल अजून लागायचा आहे. आमच्या लग्नात अक्षता पडल्यावर सगळे पाहुणे पंगतीकडे धावले, पण मामा माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या कोटाची कड अंगठा आणि बोट यांच्यात धरून दोनदा चोळली आणि माझ्या सासूबाईंना, म्हणजे स्वतःच्या बहिणीला, सांगितलं, "कापडात भेसळ आहे. पोरगा बरा वाटतो, पण तोही एकदा धुतल्यावरच कळेल." त्या गोष्टीला आता बावीस वर्षं होतील. मी धुण्यात टिकलो की नाही हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

यात त्यांचा तसा दोष नाही. लालबागच्या एका गिरणीत ते कापड तपासायच्या खात्यात होते. दिवसभर टेबलावरून कापड सरकत जायचं आणि मामांनी त्यातला तुटका धागा, डाग, गाठ शोधायची. दोष सापडला नाही तर वरचा साहेब म्हणायचा, झोपला होतास काय! असं पंधरा वर्षं केल्यावर माणसाची नजर पुन्हा सरळ कशी होणार? गिरणी बंद पडली, तिच्या जागी काचेचा टॉवर आला, पण मामांचं टेबल काही थांबलं नाही. बाजारात मासे घ्यायला गेले की ते सुरमईचे कल्ले उघडून आत इतका वेळ बघतात, की एकदा कोळीण कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, मावरं घ्यायचंय का सोयरीक जमवायचीय?" दवाखान्यात रक्तदाब मोजायला पट्टा पुढे आला, की ते आधी डॉक्टरांना स्वतःचा मोजून दाखवायला लावतात. मी बँकेत नोकरीला, तरी माझ्या हातची नोट ते उजेडाकडे धरल्याशिवाय खिशात घालत नाहीत. चाळ पाडून इमारत झाली आणि मामांना एकोणिसाव्या मजल्यावर घर मिळालं, तेव्हा लिफ्टवर विसंबून न राहता ते जिन्यानं मजले मोजत वर गेले. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, मध्ये दोन ठिकाणी बसला, पण बिल्डरनं अपशकुनाच्या भीतीनं तेरावा मजला गाळलाय हे शोधून काढूनच दाराशी पोचला. तेव्हापासून पत्ता लिहिताना ते एकोणिसावा मजला असं लिहून पुढे 'खरा अठरावा' असं लिहितात. पोस्टमनचे हाल होतात.

अशा या माणसाचा एका वस्तूवर मात्र गाढ विश्वास होता. ती वस्तू म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यातलं पोलंडचं एक नाणं.

त्याची हकीगत अशी. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कोल्हापूरजवळ पोलंडच्या निर्वासितांची मोठी छावणी होती. मामांचे वडील तेव्हा तरुण होते. कोकणातून घाट चढून पोट भरायला वर आलेले, ते छावणीत पाणी भरायच्या कामाला लागले. तिथल्या एका बाईच्या लहान मुलीच्या अंगावर आपल्याकडच्या उन्हानं पित्ताच्या गांधी उठायच्या. पोर रात्रंदिवस खाजवायची. मामांच्या वडिलांच्या गाठोड्यात घरून आणलेली सोलं होती, वाळवलेली कोकमं. त्यांनी ती भिजवून, त्यांचं पाणी त्या मुलीच्या अंगाला लावायला त्या आईला खुणेनं सांगितलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण खाज दोघांनाही कळत होती. पोर बरी झाली. छावणी उठली तेव्हा त्या बाईनं जाताना त्यांच्या हातावर हे नाणं ठेवलं.

पुढे ते मुंबईला आले, गिरणीत लागले आणि नाणं लालबागच्या चाळीत आलं. नाण्याच्या एका बाजूला पंख असलेली एक बाई आहे आणि दुसऱ्या बाजूला पक्षी. मामांच्या आईनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि क्षणात निकाल दिला: मागे गरुड आहे, म्हणजे पुढे लक्ष्मीच असणार. लक्ष्मी देव्हाऱ्यात बसली. दर दिवाळीत तिची पूजा व्हायला लागली.

चाळीला मात्र हे पटलं नाही. नाणं एवढं चकचकीत कसं? चांदीचं नाणं पाणक्याला कोण देतं? मडमेनं पत्र्याचा बिल्ला हातावर ठेवला आणि हा येडा देव म्हणून पूजतो, असं एकानं म्हटलं आणि मामांच्या वडिलांचं नाव पडलं 'बिल्लेवाले'. चाळीत एकदा नाव पडलं की ते तिरडीपर्यंत पोचवायला येतं. तसंच झालं. मामांना आयुष्यात एकच गोष्ट सिद्ध करायची होती, की ते नाणं खरं आहे आणि म्हणून आपला बापही खरा होता.

मनात असूनही त्यांनी इतकी वर्षं ते कुणा जाणकाराला दाखवलं नव्हतं. निमित्त झालं माझ्या बायकोचं. तिनं गेल्या वर्षी मोबाइलवर अगदी तसंच पंखवाल्या बाईचं नाणं पाहिलं, खाली किंमत लाखांत. तिनं मामांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली, तर गिरगावात आमच्या दारात मामा. हातात स्टीलचा डबा, डब्यात हळदीकुंकवानं माखलेल्या रुमालात नाणं. "जावईबापू, तुम्ही बँकेत. नाण्यातलं तुम्हांला कळणारच." मी सांगितलं, की बँकेत मी कर्जाचे अर्ज तपासतो. "म्हणजे तपासताच ना?" म्हणाले, आणि चपला घालून माझी वाट बघत उभे राहिले.

आधी आम्ही लालबागच्या एका सराफाकडे गेलो. त्यानं कसोटीच्या दगडावर नाण्याची रेघ ओढली आणि म्हणाला, "चांदी आहे, पण पूर्ण नाही. भेसळ आहे." माझ्या कोटाची आठवण होऊन मला बरं वाटलं. मामा शांतपणे म्हणाले, "पूर्ण चांदीचं नाणं पाडून ते लोक काय भाजी आणणार होते?" आणि दुकानातून बाहेर पडले. बाहेर आल्यावर मात्र रस्त्यावर पाच मिनिटं नुसते उभे होते.

मग दादरच्या एका हॉलमध्ये जुन्या नाण्यांचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरलं. तिथे परदेशी नाण्यांचा एक म्हातारा व्यापारी बसला होता आणि त्याचा शब्द शेवटचा मानतात असं कळलं. पहिल्या दिवशी त्यानं नाणं दोन बोटांत धरलं, न धरल्यासारखं केलं आणि परत दिलं. "काका, डुप्लिकेट आहे. असे रोज चार येतात. नाकडोळे बघा, सगळं सपाट. ओतलेला माल आहे." मी मामांच्या दंडाला धरलं. त्यांनी माझा हात सोडवला, "उद्या येतो," म्हणाले आणि निघाले. दुसऱ्या दिवशी ते घरून छोटा तराजू घेऊन आले. व्यापाऱ्यानं वैतागून वजन केलं. ते थोडं कमी भरलं. "बघा! वजनात पण मार खातंय," तो म्हणाला. मामा पुन्हा म्हणाले, "उद्या येतो." माझी एव्हाना दोन अर्ध्या दिवसांची रजा खर्च झाली होती. मी परतीच्या वाटेवर जरा चिडूनच म्हटलं, "मामा, माशाचे कल्ले इतके बघता, मग हे एवढं सरळ सांगतायत ते का ऐकत नाही?" रात्री त्यांनी माझ्या बायकोला फोन करून सांगितलं, की उद्या जावयाला पूर्ण रजा घ्यायला सांग.

तिसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. खिशातून त्यांनी गिरणीतलं धागे मोजायचं भिंग काढलं आणि व्यापाऱ्यासमोर ठेवलं. आता मात्र त्यांचा आवाज त्या टेबलावरचा, कापड तपासणाऱ्याचा होता.

"शेठ, मी पंधरा वर्षं कापड तपासलं. मधला भाग कुणीही चांगला दाखवतो. खळ लावतो, इस्त्री मारतो, काय वाट्टेल ते करतो. आम्ही माल किनारीवर ओळखायचो. तुम्ही दोन दिवस नुसतं तोंड बघताय. किनार बघा."

व्यापाऱ्यानं मामांकडे बघितलं, मग नाणं आडवं धरलं, भिंग डोळ्याला लावलं आणि कडेनं हळूहळू फिरवायला लागला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, मामा छताकडे. तो मधेच थांबला, नाणं पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवलं. नाण्याच्या कडेवर बारीक अक्षरं कोरलेली होती आणि ती जशीच्या तशी होती.

"खरं आहे," तो म्हणाला. "काका, सॉरी. नकली करणारे तोंडावर मेहनत घेतात, कडेला आळस करतात. ही अक्षरं टाकसाळीतलीच आहेत."

मी अखेर बँकेतला माणूस, माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "मग किंमत?"

व्यापाऱ्यानं भिंग खाली ठेवलं. एका विशिष्ट सालची नाणी फार थोडी पडली होती, ते असेल तर मोबाइलवर दिसली तीच किंमत, म्हणाला. दुसऱ्या कुठल्या सालचं असेल तर चांदीपेक्षा थोडं जास्त. "पण ते सालाच्या शेवटच्या आकड्यावरून कळतं, आणि तो आकडाच राहिलेला नाही. वजन पण त्यातच गेलं. तुम्ही हे घासता कशानं?"

"सोलांनी," मामा म्हणाले. "दर दिवाळीत. आई घासायची, मग आमची ही घासते. सोलं आणि चुलीची राख, आता राखेऐवजी रांगोळी."

व्यापाऱ्यानं कपाळावर हात मारला. मला वाटलं, मामा आता खालीच बसतात. लाखांची लक्ष्मी घरच्या बायकांनी भक्तिभावानं घासून घासून पार धुऊन टाकली होती. पण मामा चक्क हसले. बावीस वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "सोलांनीच मिळवलं होतं," ते म्हणाले, "सोलांनीच नेलं. हिशेब चुकता." मग टेबलावर वाकून म्हणाले, "किंमत राहू द्या शेठ. फक्त खरं आहे एवढं लिहून द्या." व्यापाऱ्यानं स्वतःच्या कार्डामागे तेवढंच एक वाक्य लिहिलं आणि खाली सही केली.

दादरहून लालबागपर्यंत मामा चालत निघाले, म्हणून मीही चाललो. परळला आल्यावर ते एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकले. डबा मांडीवर घेऊन म्हणाले, "दहा वर्षांचा असेन मी. चाळीतल्या पोरांनी 'बिल्लेवाल्याचा' म्हणून चिडवलं. घरी आलो आणि बाबांना विचारलं, बाबा, तुमका मडमेन खराच दिला, की तुम्ही खोटा सांगतास?"

"मग?"

"मग काय! जेवत होते. हात धुतला आणि उठले. तोपर्यंत दर दिवाळीत फराळाला कुणी आलं की ते ती सोलांची गोष्ट सांगायचे, हातवारे करून, त्या पोरीच्या खाजवण्याची नक्कल करून. त्या दिवसानंतर कधी सांगितली नाही. मरेपर्यंत नाही." थोडा वेळ त्यांनी डब्यावर बोटं वाजवली. "चाळ काय, ती कुणालाही काहीही म्हणते. पण संशय घ्यायची सुरुवात मी घरापासून केली, जावईबापू."

मी त्यांच्या हातातला डबा घेतला आणि आम्ही पुन्हा चालायला लागलो. लिफ्टनं वर जाताना त्यांनी मजले मोजले नाहीत.

घरात शिरल्यावर मामांनी पाय धुतले आणि वडिलांच्या फोटोपुढे उभे राहिले. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणून कार्ड मला वाचायला सांगितलं. मी वाचलं: 'हे नाणं खरं आहे.' त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, सवयीनं खिडकीच्या उजेडाकडे धरलं, मग हात खाली आणला आणि न बघताच फोटोच्या चौकटीत खोचलं. "बाबानू, खरा आसा हा," म्हणाले. मामी स्वयंपाकघराच्या दारात पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या.

यंदाच्या लक्ष्मीपूजनाला आम्ही त्यांच्याकडेच होतो. सोलांची वाटी घेऊन बसलेल्या मामी नाण्याला हात लावायला धजेनात. तसे मामा म्हणाले, "घास गो. आता काय जाऊचा रवला हा?" आणि फराळाला जमलेल्या शेजाऱ्यांना त्यांनी छावणीची गोष्ट सांगायला घेतली. हातवारे करून. त्या पोरीच्या खाजवण्याची नक्कल करून. शेजारी हसत होते. गोष्ट संपल्यावर एक पाहुणा म्हणालाच, "काय सांगता मामा! खरंच?" मी मामांकडे पाहिलं. ते रागावले नाहीत. त्यांनी ओलं नाणं त्याच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "किनारीवर नख फिरवून बघा."

मामांच्या वडिलांना मी कधी पाहिलेलं नाही. पण ती गोष्ट सांगताना त्यांचा आवाज असाच लागत असणार.