परियटची नऊ पिल्लं

मी स्वतःला दयाळू माणूस समजत होतो, हे आधीच सांगून टाकतो. जबलपूरला रिछाईच्या कारखान्यात जन्म घालवून निवृत्त झालो आणि महाराजपूरच्या घरात दया करायला भरपूर वेळ मिळाला.

रोज सकाळी आम्ही नवरा-बायको परियट नदीपर्यंत फिरायला जायचो. नदी म्हणायची सवय म्हणून नदी. काठच्या डेअऱ्यांचं सगळं शेण तिच्यात उतरतं. आपण तिथं नाक दाबून उभे राहतो आणि मगरी मात्र मेलेली वासरं खाऊन, काठात बिळं खणून टिकून आहेत. कशा, देव जाणे.

गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला आम्ही छोट्या पुलावर उभे होतो. पलीकडच्या काठावर एक मादी माती उकरत होती. खड्ड्यातून कोंबडीच्या पिल्लांसारखा चिवचिवाट येत होता. तिने जबडा उघडून एक पिल्लू उचललं, मग दुसरं. इवलीशी शेपटी दातांतून बाहेर लोंबत होती.

"अहो, खाऊन राहिली ना ती आपल्याच पोरांना! पाहून काय राहिले तुम्ही?" बायको ओरडली.

पहिला दगड मी मारला. दुसरा आणि तिसराही मीच. एक दूधवाला मोटरसायकल टाकून धावत आला आणि काठीने पाणी बडवू लागला. मादी तोंडातल्या दोन पिल्लांसकट पाण्यात सरकली. उरलेली नऊ आम्ही दूधवाल्याच्या रिकाम्या बादलीत गोळा केली. तेव्हा मला जो आनंद झाला होता, तो आठवला की स्वतःची शिसारी येते.

फॉरेस्टवाल्यांना फोन करावा, हे मनात आलं होतं. पण जबलपूरच्या माणसाला मगर दिसली की आधी नर्मदामैया आठवते. मगर मैयाचं वाहन. आमच्या देवघरातल्या तसबिरीतही ती मगरीवरच बसलेली आहे.

"या शेणात काहून मरायचं लेकरांनी? चला, मैयाच्या घरी सोडून येऊ," बायको म्हणाली. मला ते इतकं पटलं की ऑटो मीच थांबवला. नर्मदेच्या ग्वारीघाटावर तिने खणा-नारळाने मैयाची ओटी भरली, बादलीला हळदकुंकू लावलं. मी एकेक पिल्लू स्वच्छ, खोल पाण्यात सोडलं. शेवटचं माझं बोट धरून राहिलं होतं. मी ते सोडवलं.

दुसऱ्या दिवशी बायकोचे गुडघे दुखत होते, म्हणून मी एकटाच गेलो. पुलावर फॉरेस्टचा गार्ड भेटला. मी मोठ्या फुशारकीने सगळं सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "खाती नहीं है, साहब. मुँह में रखकर पानी तक ले जाती है. फिर महीनों सँभालती है."

"और वो नौ?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "माँ के बिना? मछली, बगुला... कोई न कोई खा गया होगा."

त्याच पावली मी ग्वारीघाट गाठला. नावाड्याला घेऊन दुपारपर्यंत काठ धुंडाळला. एक पिल्लू सापडलं, विझलेल्या दिव्यांच्या द्रोणांत अडकलेलं, पोट वर. बाकीच्यांचा मागमूस नव्हता.

मादी पुढे आठवडाभर त्या खड्ड्यापाशी येत होती. तोंड आत घालायची, घशातून घुमल्यासारखा आवाज काढायची आणि थांबायची. वाचलेली दोन तरी तिच्याजवळ होती की नाही, ते काळ्या पाण्यात दिसलं नाही. मी पुलावर उभा राहून रडायचो. दगड मारणाऱ्याच्या रडण्याला काय अर्थ? मग ती येईनाशी झाली.

बायकोला मी पुन्हा तिकडे नेलं नाही. तिकडे कुत्री फार झालीत, असं सांगितलं. खरं सांगायला जीभ रेटत नाही. आम्हाला मूलबाळ नाही. आयुष्यभर लोकांच्या त्या प्रश्नाने तिचा चेहरा उतरायचा. आता कुणी विचारलं तर ती हसून म्हणते, "आहेत ना, नऊ आहेत. मैयाकडे ठेवलेत."

दर पौर्णिमेला आम्ही ग्वारीघाटावर जातो. ती पाण्यात लाह्या टाकते, बराच वेळ पाहत बसते आणि विचारते, "मोठी झाली असतील ना हो आता?"

"हो," मी म्हणतो, "हातभर तरी झाली असतील."