त्यांचं गिराण

"तुमच्या लोकाला काय होतंय?"

पाटलाची म्हातारी आई ओट्यावरून असं म्हणाली, तेव्हा माझी आई सात महिन्यांची पोटुशी होती. भरदुपारी सूर्याला ग्रहण लागलं होतं. म्हातारीची सूनही पोटुशी. तिला आतल्या खोलीत ठेवलं होतं, खिडक्यांना गोणपाट लावून. ग्रहणात गरोदर बाईनं बाहेर पडू नये म्हणतात. आणि माझी आई उघड्या अंगणात, पदर पसरून. कारण आम्ही मांग. ग्रहणात मांगांनी दारोदार 'दे दान, सुटे गिराण' ओरडायचं, गावानं दाणे, जुने कपडे टाकायचे. दान घेणाऱ्याबरोबर घरावरची पीडा जाते, अशी रीत. आई एवढंच म्हणाली होती, "आईसाब, पोटुशी हाय मी."

त्यावर ते उत्तर. मग वरून एक विटकं लुगडं पडलं. लांबूनच फेकलेलं, हात लागू नये म्हणून.

भाऊ जन्मला तो फाटलेल्या ओठाचा. त्याला दूध ओढता येईना. चमच्यानं पाजलं तर नाकातून बाहेर. महिन्याच्या आत गेला. त्याला माती दिली त्याच दिवशी ती म्हातारी मांगवाड्याच्या तोंडाशी येऊन म्हणाली, "पोटुशी बाई गिराणात बाहेर फिरती व्हय? हिनंच खाल्लं लेकरू."

त्याच तोंडानं!

आणि आईनं ते खरं मानलं. जेवता जेवता हातातला घास खाली ठेवायची. म्हणायची, "माझ्यामुळं गेलं."

पुढं आम्ही थोडे दिवस जालन्याला मावशीकडं गेलो. मावशी ख्रिस्ती झालेली. तिच्या घरी प्रार्थना होती. चर्चच्या पाळकांच्या बायकोनं एका जन्मांध माणसाची गोष्ट सांगितली. लोकांनी येशूला विचारलं, पाप कुणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? येशू म्हणाला, कुणाचंच नाही.

आई उठून उभी राहिली. "पुन्हा सांगा, बाई."

बाईनं पुन्हा सांगितलं. आई भिंतीला टेकून ढसाढसा रडली. भाऊ गेला तेव्हाही ती एवढी रडली नव्हती.

बाप्तिस्मा घेऊन आम्ही गावी परतलो. घर काही सोन्याचं झालं नाही. पत्रे तेच, मजुरी तीच. भाऊ काही परत आला नाही. चर्चमध्येही 'तुम्ही मूळचे कोण' विचारणारे भेटलेच. पण आईचा घास तोंडापर्यंत जाऊ लागला.

काही वर्षांनी पुन्हा ग्रहण आलं. म्हातारी काठी टेकत आमच्या दारात. "चल गं जल्दी. नातवाला बरं न्हाई. लुगडं काढून ठेवलंय."

सवयीनं आईचा हात पदराकडं गेला. मी मध्ये उभी राहिले. "न्हाई येणार आई."

"किरिस्ताव झाल्यानं जात धुतली जाती व्हय?"

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण आईच बोलली, "नातवासाठी प्रार्थना करीन, आईसाब. पदर न्हाई पसरणार."

आणि तिनं खरंच केली, गुडघ्यावर बसून. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या शेतात कापूस वेचायचं आमचं काम बंद झालं.

आईएवढं मन मला नाही. मी त्या घराला माफ केलेलं नाही, हे देवालाही तोंडावर सांगते. आई अजून भावासाठी रडते. रडू दे, लेकरू तिचं होतं. पण तो दोष तिचा नव्हता. तो तिच्या अंगावर टाकायला पुन्हा कुणी आलं, तर दारात मी असेन. आणि आता मी गप्प बसणार नाही.