अडीच छत्र्यांचं घर

मोजणीबाई घर छत्रीने मोजायच्या. बांबूच्या दांड्याची काळी, मोठी छत्री. ती भिंतीला आडवी लावायच्या, टोक येईल तिथे अंगठा दाबायच्या आणि छत्री पुढे सरकवायच्या. "तीन छत्र्या आन् एक वीत," असं पुटपुटत वहीत थेट फुटांचा आकडा लिहून मोकळ्या. पहिल्या दिवशी मी त्यांच्या मागे लेझरचं यंत्र घेऊन उभा होतो. भिंतीवर लाल ठिपका टाकला, बटण दाबलं. दोघांचा आकडा एकच आला. दुसऱ्या भिंतीलाही तेच. तिसऱ्या भिंतीला मी चिडलो.

"सायेब, ह्याचा सेल संपला तर काय करता?" बाईंनी विचारलं.

"आणि तुमची छत्री मोडली तर?"

"तर भिजते," त्या म्हणाल्या आणि पुढच्या घराकडे निघाल्या.

घरकुलांच्या याद्या तयार करणाऱ्या एका संस्थेत मी तेव्हा नुकताच लागलो होतो. नगरच्या कार्यालयात माझ्या टेबलावर 'डेटा सायंटिस्ट' अशी पाटी होती. माझी आई सोनईच्या बाजारात भाजी विकायची. तिच्या शेजारी गोणपाटावर बसून मी घासाघीस शिकलो आणि पुढे तिच्याच जोरावर सगळं मिळवलं. वसतिगृहातली खोली, परीक्षेची फेरतपासणी, ही नोकरीसुद्धा. आवाज चढवल्याशिवाय मला काही मिळालेलं नाही, त्यामुळे तो आजही चढतो. आणि एक राग मी लहानपणापासून जपला होता. मी सहावीत असताना घरांची पाहणी झाली. त्या दिवशी मामा भेटायला आला होता आणि त्याची मोटरसायकल आमच्या दारात उभी होती. पाहणीवाल्याने रस्त्यावरूनच 'दुचाकी आहे' असं लिहिलं आणि आमचं नाव यादीतून गेलं. पुढची कितीतरी वर्षं पावसाळ्यात आई चूल या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवत राहिली. तो माणूस सापडला तर त्याला काय काय बोलायचं, हे मला तोंडपाठ होतं.

बाईंची रीत नेमकी उलटी. साठीला टेकलेल्या, गुडघा धरलेला, रविवारी चर्च आणि उरलेले सहा दिवस वस्त्या. पण उंबऱ्याच्या आत पाय टाकल्याशिवाय त्या कागदाला पेन लावत नसत. कुणी दारातच खुर्ची टाकली की म्हणायच्या, "बसायला न्हाई आले, घर बघाया आले." आत गेल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "भाकरी कुठं थापता?" माझ्या मोबाईलमधल्या अर्जात बेचाळीस प्रश्न होते. बाई हा एक विचारायच्या आणि समोरची बाई बोलत सुटायची. चूल कुठे आहे, तिथे गळतं का, जेवायला किती जण, सासू वेगळी राहते का. माझे बेचाळीस रकाने भरून वर दोन भांडणं आणि एक लग्न कळायचं.

मला मात्र माणसाच्या नजरेवर भरवसा नव्हता. माणूस रस्त्यावरून बघतो आणि घर बुडवतो, हे मी भोगलेलं होतं. म्हणून फोटो बघून घर कच्चं की पक्कं हे ओळखायला मी संगणकाला शिकवलं. हजारो फोटो दाखवले. पाचटाचं छप्पर, पत्रा, मातीची भिंत, विटांची भिंत. ज्या सकाळी त्याने आपणहून शंभरच्या वर घरं बरोबर ओळखली, त्या सकाळी मी खुर्चीवरून उठून ओरडलो. अख्खं कार्यालय जमा झालं. साहेबांनी पेढे मागवले. मोजणीबाईंनी अर्धा पेढा खाल्ला आणि विचारलं, "ह्यो आत जातो का?"

"कोण?"

"तुमचा काँप्युटर. उंबऱ्याच्या आत."

मी दुसरा पेढा उचलला. अडाणी प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, असं मला वाटलं.

मग एका मंगळवारी सकाळी बाई कार्यालयात आल्या आणि त्यांनी छत्री माझ्या टेबलावर आडवी ठेवली. सुप्याच्या पुढे, रस्त्यापासून आत, एक वस्ती आहे. गुडघ्यामुळे बाई तिथल्या पाहणीच्या आठवड्यात घरी होत्या, म्हणून तिथले फोटो दुसऱ्यांनी काढले होते. संगणकाने तिथली एकतीस घरं पक्की ठरवून यादीतून काढली होती. शुक्रवारी ग्रामसभा होती. तिथे यादी वाचून मंजूर झाली की पुढची पाहणी कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"त्या वस्तीत म्या भाकर खाल्लीया," बाई म्हणाल्या. "तिथं पक्कं काय आसंल तर समाजमंदिर."

"फोटो आहेत, बाई. फोटो खोटं बोलत नाही."

"मग चला. खोटं कोन बोलतंय ते बघू."

मी तणतणतच निघालो. फोटो मी आधीच तपासले होते. एकतीसपैकी तीन उघडले, तिन्हींत निळ्या रंगाची पक्की भिंत. त्या भागात निळा रंग चालत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

वस्तीत शिरलो आणि समोर ती भिंत दिसली. एकच. फौजेत असलेल्या कुणाचं तरी नवं घर, निळाशार गिलावा. बाकी सगळीकडे पत्रा, पाचट, जुन्या फ्लेक्सचे तुकडे. इरकली नेसलेली एक म्हातारी मला बघून खूश झाली. तिला वाटलं, पुन्हा फोटो काढायला आलेत.

"आजी, तुमचा फोटो त्या भिंतीपुढं का काढला?" मी विचारलं.

"आवं, कागदावर जानार म्हनले फोटु! मंग काय शेनामातीच्या भिंतीपुढं उभी राहू? नगरची मानसं काय म्हनतील?"

"ह्या सगळ्याच तिथं उभ्या राहिल्या?"

"लाईन लागली हुती! चांगलं लुगडं नेसून समद्या. मला त्या फौजीच्या बायकूनं वहाना काढून उभी केली, तिचा वटा नवा हाय म्हनून."

बाई हसत सुटल्या. हसताना त्यांनी गुडघा धरला. मला हसू येईना. मग एकदम अंगात वीज शिरल्यासारखं झालं. चूक सापडली होती! बिघाड संगणकात नव्हता. चांगली साडी नेसून चांगल्या भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या बायकांच्या फोटोंना मी त्यांच्या घरांचे फोटो समजलो होतो. तिथूनच साहेबांना फोन लावला.

"यादी आजच गेली पाहिजे," साहेब म्हणाले.

"शुक्रवार सकाळ."

"बुधवार."

"एकतीस घरं आहेत, साहेब, बाईंचा गुडघा एकच चालतो. गुरुवार संध्याकाळ, आणि उद्याला कार्यालयाची गाडी."

"गुरुवार दुपार. गाडी घे."

मी लगेच हो म्हटलं. मला गुरुवार दुपारच हवी होती.

परतीच्या एसटीत मी नुसता उकळत होतो, आनंदाने आणि रागानेही. बाईंना म्हणालो, "असंच आमचं घर गेलं. कुणीतरी रस्त्यावरून मामाची गाडी बघितली आणि..." सगळं सांगितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"कुठली वस्ती तुमची? सोनईच्या अलीकडं का पलीकडं?"

"पलीकडे. ओढ्याच्या वर."

"गाडी लाल हुती? हँडलला निळा गोंडा?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"म्या लिहिलं हुतं ते," बाई म्हणाल्या. "नवी हुते कामावर. जीपमधून उतरले न्हाई. दुसऱ्या साली तिकडून जाताना बघितलं, गाडी न्हाई आन् छपराला ठिगळं. शेजारनीला इचारलं तर म्हनली, ती पाव्हन्याची गाडी. यादी तवर मंजूर झालेली. तवापासनं आत जाते."

इतक्या वर्षांचं पाठांतर होतं, पण त्यातला एक शब्द आठवेना. मी फक्त ओरडलो. आई चूल कशी हलवायची ते, पुस्तकं कशी भिजली ते, सगळं उलटसुलट. अख्खी एसटी वळून बघायला लागली. कंडक्टर आला. "ओ पाहुणे, म्हातारीवर काय आवाज चढवता? भांडायचं तर खाली उतरा."

"बोलू द्या त्येला," बाई कंडक्टरला म्हणाल्या. "त्येचं बरोबर हाय."

स्थानकावर उतरल्यावर मी पुढे चालू लागलो. मागून त्यांचा आवाज आला. आजवर त्या मला अहोजाहो करत. पहिल्यांदाच म्हणाल्या, "सकाळी लवकर ये. एकतीस घरं हायती."

मी गेलो. रात्रभर न जाण्याचं ठरवलं होतं, तरी गेलो. दिवसभर आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. बाई आत जायच्या, भाकरीचं विचारायच्या, छत्री लावायच्या. मी चुलीपाशी उभा राहून आतून फोटो काढायचो. दुपारनंतर त्यांचा पाय उचलेना, तेव्हा प्रत्येक उंबऱ्यावर त्यांनी माझा खांदा धरला. मी खांदा काढून घेतला नाही. शेवटचं घर झालं तेव्हा अजून उजेड होता. ती इरकलीवाली आजी म्हणाली, "आतला फोटु लई वंगाळ आला आसंल." मी म्हणालो, "आजी, यापेक्षा चांगला फोटो मी उभ्या जन्मात काढला नाही."

शुक्रवारी ग्रामसभेत एकतीस नावं वाचली गेली. प्रत्येक नावाला मागून एक आवाज यायचा, "व्हय, हाय!" मी एक एक नाव बोटावर धरत होतो. तिसाव्या नावानंतर पान उलटायला उशीर झाला आणि मी जागेवरून अर्धा उठलो. एकतिसावं नाव त्या आजीचं होतं. ती इतक्या जोरात "हाय!" म्हणाली, की सरपंचांच्या हातून कागद निसटला. बाई शाळेच्या पायरीवर बसून टाळ्या वाजवत होत्या.

आता आमच्या अर्जात पहिला फोटो चुलीचा आणि तोही आतून काढलेला लागतो. त्याशिवाय पुढचा रकाना उघडत नाही.

पुढच्या वर्षी बाईंनी काम सोडलं. लेकीकडे राहायला जायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "तुझ्या आईकडं ने मला एकदा."

सोनईला मी आता दोन पक्क्या खोल्या बांधल्यात, पण आई स्वयंपाक अजून जुन्या खोलीतच करते. मी आईला काही सांगितलं नव्हतं. बाई दारापाशी आल्या आणि थांबल्या. मी त्यांना असं थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

"या की," आई म्हणाली. "इचारता काय!"

बाईंनी माझा खांदा धरला आणि उंबरा ओलांडला.

"भाकरी कुठं थापता?"

आईने कोपरा दाखवला. मग दुसरा. मग पावसाळ्यातला तिसरा. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग छत्री भिंतीला आडवी लावली, अंगठा दाबला, पुढे सरकवली. "अडीच छत्र्या," त्या म्हणाल्या. पिशवीतून वही काढली आणि आईचं पूर्ण नाव विचारून सावकाश लिहून घेतलं.

"कशाची यादी हाय ही?" आईने विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "जुनी आहे, आई. राहिली होती."