पिवळं बाळ आणि बिल्लेवाली मिडवाइफ

"तुमच्या लोकांचा रंगच असा असतो," म्हणे! रामराम मागाहून, आधी हे ऐका.

इथे इंग्लंडात, लीड्सच्या हॉस्पिटलात माझ्या लेकीचं तीन दिवसांचं बाळ आज सकाळी दूध ओढेना, नुसतं झोपून. मी लेकीकरवी मिडवाइफला, म्हणजे इथल्या सुईणीला, सांगितलं, याला कावीळ आहे. त्यावर तिचं हे उत्तर, वर हसली.

मी चौथी शिकलेली. पण बाळाची हिरडी दाबून तिला दाखवली, हळदीसारखी पिवळी.

लेक कुजबुजली, "आई, भांडू नकोस गं."

"तू गप्प बस. रक्त तपासल्याशिवाय मी हलत नाही."

तपासलं. कावीळच निघाली. दुपारपासून बाळ निळ्या दिव्याखाली आहे.

बाईच्या छातीवर वंशभेदाविरुद्धच्या ट्रेनिंगचा बिल्ला होता. त्या ट्रेनिंगात सावळं बाळ दाखवतच नाहीत का?

मला धीर देऊ नका. या ग्रुपवर ज्यांनी ते ट्रेनिंग घेतलंय, त्यांनीच उत्तर द्यायचं. बाकीच्यांनी गप्प बसायचं.