भाकरीनं न उतरलेला आकडा

“तीनशे वीस,” डॉक्टर म्हणाल्या. कागद माझ्याकडे न देता त्यांनी तो पुन्हा वाचला. “तुमचाच रिपोर्ट आहे ना हा?”

नाव माझं होतं. वय चव्वेचाळीस, तेही बरोबर. रक्त उपाशी पोटी दिलेलं होतं. मी अहिल्यानगरच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. दुसऱ्यांच्या मजकुरातली चूक शोधणं हे माझं काम. त्या कागदावरही मी चूकच शोधत होते. सापडली नाही.

चाचणीचं नाव लिपिड प्रोफाइल. रक्तात कोणती चरबी किती फिरते, ते त्यातून कळतं. टोटल कोलेस्टेरॉल म्हणजे एकूण बेरीज; माझी ३९८. एचडीएल हे जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतं, ते ६०. ट्रायग्लिसराइड म्हणजे इंधन म्हणून फिरणारी चरबी, ती ९०. हे दोन्ही आकडे चांगले. एलडीएल मात्र कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीत नेऊन साठवतं. तीनशे वीस होतं ते.

पाच महिने मी किटो आहारावर होते. भाकरी, पोळी, भात, साखर, बटाटा बंद. अंडी, पनीर, तूप, मेथी, कोबी चालू. पिष्टमय अन्न मिळालं नाही की शरीर चरबीपासून कीटोन नावाचं इंधन तयार करतं आणि त्यावर चालतं, असं त्यामागचं तत्त्व. माझं वजन नऊ किलो उतरलं होतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेली साखर मागे सरली होती. त्या दिवशी दवाखान्यात मी खरं तर शाबासकी घ्यायला गेले होते.

“किटोमध्ये काही जणांचं एलडीएल वाढतं,” डॉक्टर म्हणाल्या. “पण एवढं वाढलं की मी फक्त ताटाकडे बघत नाही. वडील आहेत?”

“नाहीत. सेहेचाळीसाव्या वर्षी गेले.”

“कशानं?”

“पित्तानं. सकाळी विहिरीवर मोटर सुरू करायला गेले होते. छातीत जळजळतंय म्हणाले आणि तिथंच...”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “अजून कोणी असं अचानक?”

मोठे काका. एका लग्नात, पंगत बसायच्या आधी. ऊन लागलं म्हणाले सगळे. वय एकावन्न.

दोन मृत्यू, दोन वेगळी कारणं. आमच्या घरात या दोन बातम्या कधी एका पानावर लागल्याच नव्हत्या.

डॉक्टरांनी मला चपला काढायला सांगितल्या आणि टाचेच्या वरची जाड शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर, चिमटीत धरून पाहिली. काही घराण्यांत एलडीएल जन्मापासूनच चढं असतं. त्याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. यकृताला रक्तातलं एलडीएल नीट उचलता येत नाही, आणि हा दोष आई-वडिलांपैकी एकाकडून मुलात येऊ शकतो. अशा काही लोकांत टाचेवरच्या शिरेत कोलेस्टेरॉल साठून ती जाड होते. माझी शीर थोडी जाड वाटत होती, पण खात्रीनं सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या.

मला मूल नाही. त्यामुळे त्यांचा पुढचा प्रश्न भावंडांवर आला. मला एक भाऊ आहे, रवी. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. देवळाली प्रवराला ऊस आणि आठ गाई.

“त्याला आठवड्याच्या आत ही चाचणी करायला सांगा,” डॉक्टर म्हणाल्या.

गाडीत बसल्या बसल्या मी फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

“ताई, तू भाकरी सोडली तवाच म्हनलं हुतं मी. वाटी वाटी तूप खायचं आन वर रिपोर्ट काढायचा! मी कुठं किटो करतो? सकाळी दोन भाकरी, सांच्याला दोन. मला काय हुतंय?”

“रवी, दादा पण भाकरीच खायचे.” वडिलांना आम्ही दादा म्हणायचो.

“त्यांना पित्त हुतं,” तो म्हणाला आणि गाय सुटल्याचं कारण सांगून फोन ठेवला.

दुसरी बाजू किटोच्या व्हॉट्सॲप ग्रुपची. तिथं मी आकडे टाकले. उत्तरं लगेच आली: घाबरू नका, एचडीएल चांगलं आहे, ट्रायग्लिसराइड कमी आहे, एलडीएल वाढणारच, त्यानं काही होत नाही. एकानं अभिनंदनाचा अंगठा पाठवला. भाऊ म्हणत होता, सगळा दोष तुपाचा. ग्रुप म्हणत होता, तुपाचा काही दोष नाही. दोघेही ठाम, आणि दोघेही फक्त माझ्या ताटाकडे बघत होते.

पुढच्या भेटीपर्यंत थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या झाल्या, कारण त्यांच्या बिघाडानंही एलडीएल चढतं. सगळं ठीक निघालं. ईसीजी म्हणजे हृदयाच्या विद्युत लहरींचा आलेख, तोही साफ. डॉक्टर स्टॅटिन लिहायला लागल्या. यकृताचं कोलेस्टेरॉल बनवणं कमी करणारी ही गोळी.

मी त्यांना थांबवलं. गोळी सुरू झाली की आकडा कशानं उतरला ते कळणार नाही, आणि भाऊ म्हणेल, तूप सोडलं म्हणून उतरला. आधी किटो बंद करते, घरचं जेवण जेवते, मग पुन्हा रक्त देते, असं मी सुचवलं.

त्यांना ते फारसं पटलं नाही. “तुमच्या भावाला पटवायला तुमचं शरीर वापरायचं?” त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढं ओढलं. “सहा आठवडे देते. त्यापुढे नाही. छातीत, जबड्यात, हातात काहीही वाटलं तर थेट इथं यायचं. पित्त म्हणून घरी सोडा पीत बसायचं नाही.”

त्या सहा आठवड्यांत मी बाजरीची भाकरी, वरण, भाजी, बेताचं तेल असं जेवले. जेवण चांगलं लागत होतं, पण घास गिळताना त्याकडे संशयानं बघायची सवय लागली. मथळे करता करता डावा हात अवघडला की मी घड्याळ बघायची. कार्यालयाचा जिना मधेच थांबून चढायची आणि मागून कुणी आलं की मोबाइल बघतेय असं दाखवायची. खरी अडचण वेगळीच होती. मला काय व्हावंसं वाटत होतं, तेच ठरत नव्हतं. आकडा पूर्ण उतरला तर दोष आहाराचा. मग मी सुटले, आणि रवीही सुटला. नाही उतरला तर दोघंही अडकलो. मला तो उतरायला हवा होता. पण रवीचा फोन आला आणि बोलताना त्याला धाप लागली की वाटायचं, उतरू नये. त्याला दाखवायला हातात काहीतरी असावं.

मधेच एकदा गावी गेले. तो गोठ्याबाहेरच्या हौदावर पाय धूत होता. टाचेच्या वर दोन्ही पायांना गाठी असल्यासारखी जाड शीर. लहानपणापासून पाहिलेले पाय. मागून बंद असलेले बूट त्याला कधी बसले नाहीत, म्हणून लग्नातही तो चपलेवर उभा राहिला होता आणि आम्ही सगळे हसलो होतो.

“काय बघती?” त्यानं विचारलं.

“तुझे पाय.”

“पाया पडायचं हाय का? पड की. थोरली असली तरी आशीर्वाद देतो तुला.”

मी हसले. त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं ते थट्टेवारी नेलं असतं, आणि एकदा थट्टा झालेली गोष्ट त्याच्याशी पुन्हा गंभीरपणे बोलता येत नाही.

सहा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, उपाशी पोटी, पुन्हा रक्त दिलं. रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी लॅबच्या बाकावरच बसून होते. एलडीएल २३१.

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. “वरचे एकोणनव्वद तुमच्या आहाराचे. ते गेले. हे दोनशे एकतीस तुमचे स्वतःचे. मोठ्या माणसात गोळीशिवाय एकशेनव्वदच्या वर राहिलं तर आम्ही घराण्याचा विचार करतोच. तुमच्याकडे वडील आणि काकाही आहेत.” गोळी त्याच दिवशी सुरू झाली.

तिथून मी घरी न जाता थेट देवळालीला गेले. रवी जेवायला बसला होता. वहिनी, सुनीता, वाढत होती. मी दोन कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवले. कुठला आकडा बघायचा, तेवढं बोटानं दाखवलं.

“हा तुपाचा,” तो म्हणाला. “आन ह्यो?”

“हा भाकरीचा. सहा आठवडे.”

“मंग उतरला का न्हाई पुरता?”

मी याच प्रश्नाची वाट पाहत होते, आणि तो त्यानंच विचारायला हवा होता. मी म्हणाले, “कारण तो भाकरीचा नाहीच. दादांचा आहे.”

तो भाकरी मोडत राहिला. तेवढ्यात सुनीता भांडं ठेवून म्हणाली, “ताई, आता सांगतेच मी. दुधाचे कॅन उचलले की बसत्यात हे. लई दिवस झाले. इचारलं की म्हनत्यात, गॅस हाय.”

“गॅसच हाय त्यो.”

“एवढा गॅस हाय तर सिलिंडर कशाला आनायचा? तुमच्यावरच सैपाक करते की!”

रवी हसला नाही. “मला बी काय कळत न्हाई असं न्हाई,” तो हळू म्हणाला. “पन दवाखान्यात गेलं की खरं हुतं ना ते.”

दुसऱ्या सकाळी मी त्याला नगरला आणलं. एलडीएल २६८. रोज भाकरी खाणाऱ्या, तूप पोळीवर लावण्यापुरतं घेणाऱ्या माणसाचं. मग स्ट्रेस टेस्ट; पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख घेतात. आलेख बिघडू लागल्यानं काही मिनिटांतच ती थांबवली. मग अँजिओग्राफी, म्हणजे मनगटातून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, औषध सोडून रक्तवाहिन्यांचं चित्र घेणं.

बाहेरच्या खुर्च्यांवर सुनीता आणि मी बसलो होतो. ती गाईंना चारा कुणी घातला असेल यावर बोलत होती. मी समोरच्या भिंतीवरच्या सूचना वाचत होते. एका सूचनेत क्रियापद चुकलं होतं. दार उघडलं की आम्ही दोघी उठायचो आणि दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुकारलं की बसायचो.

शेवटी आमचं नाव आलं. हृदयरोगतज्ज्ञांनी पडद्यावर दाखवलं: हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी वाहिनी एका जागी दोऱ्याएवढी राहिली होती. “स्टेंट टाकतो आहोत. वाहिनी उघडी ठेवणारी जाळी,” ते म्हणाले. “अजून झटका आलेला नाही. वेळेत आणलंत.”

सुनीतानं माझा हात धरला तो सही करायची वेळ आली तेव्हाच सोडला.

रवी तिसऱ्या दिवशी घरी गेला. त्याला आता दोन प्रकारच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आहेत, शिवाय रक्त पातळ ठेवणाऱ्या. मला एक. तीन महिन्यांत माझं एलडीएल ९८ वर आलं. डॉक्टरांना ते आणखी खाली हवं आहे.

हे लिहिते आहे ते किटो करणाऱ्यांसाठी आणि न करणाऱ्यांसाठीही. मी डॉक्टर नाही आणि किटो वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. माझी साखर त्यानंच सुधारली. पण तो सुरू करण्याआधी लिपिड प्रोफाइल करून घ्या. मी ते केलं नव्हतं. आधीचा आकडा हातात असता तर सहा आठवडे जीव टांगणीला लावावा लागला नसता. नंतर एलडीएल फार वर गेलं तर ग्रुपवर विचारू नका. थायरॉइड तपासा, आहार मागे घ्यायचा की गोळी घ्यायची ते डॉक्टरांशी ठरवा, आणि घरात कोण कोणत्या वयात गेलं ते एकदा एका कागदावर मांडा. पित्त, ऊन, दमणूक ही कारणं बाजूला ठेवून नुसती वयं लिहा.

एक चाचणी उरली होती. रवीची मुलगी स्वरा, अकरा वर्षांची. हा दोष तिच्यात असण्याची शक्यता निम्मी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लॅबमध्ये नेताना ती गप्प होती आणि रवी अखंड बडबडत होता. सुई टोचताना तिनं त्याच्याकडे बघितलं, तर हाच भिंतीकडे तोंड करून उभा.

रिपोर्ट संध्याकाळी माझ्या मोबाइलवर आला. मी कार्यालयात होते. उठून बाहेर आले आणि रवीला फोन लावला.

“सांग,” तो म्हणाला.

“एलडीएल अठ्ठ्याऐंशी. मुलांचं एकशेदहाच्या आत असावं लागतं.”

“म्हंजी?”

“म्हणजे तिला नाही.”

मागे गोठ्यातलं दूध काढायचं यंत्र चालू होतं, ते कुणीतरी बंद केलं.

“परत वाच,” तो म्हणाला.

मी वाचलं.

“आक्खा वाच, ताई. वरून.”

मी वरून सुरुवात केली. लॅबचं नाव, पत्ता, रुग्णाचं नाव, वय, नमुना घेतल्याची वेळ, मग एकेक आकडा आणि त्याच्यासमोरची मर्यादा. खालची सहीसुद्धा वाचली. वाचून झालं तेव्हा तो अजून फोनवरच होता, म्हणून मी पुन्हा पहिल्या ओळीवर आले.